मेट्रोत कोणाचंच घर नाही

सुजाताबाई नंदेश्वरांच्या मते रायपूर हे शहर दवाखान्यासाठी होतं. तिथं माणूस रिपोर्ट आणायला जातो, फोटो काढायला नाही. भिलाईचं तर नावच नको. मैत्रीबागेत फोटो काढा, मागे एक तर शाळेची सहल येते, नाहीतर डबा खाणारं कुटुंब. सिव्हिक सेंटरला काढा, तर अल्बम छापून यायच्या आत अर्ध्या टाउनशिपने तो प्रत्यक्ष पाहिलेला असतो. शिवाय स्मृतीनगरात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या लतिकाबाईंच्या ईशानचं प्री-वेडिंग शूट उदयपूरला झालं होतं. तलाव, तलावात नाव, नावेत ईशान आणि ईशानच्या डोक्याला फेटा. हा ईशान एरवी बर्म्युडा घालून दूध आणायला जातो. पण तो फेटा सुजाताबाईंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मोठ्या शहरात काढायचे," त्या म्हणाल्या. "अल्बम उघडला का समजलं पाहिजे, हे भिलाई नाई."

समोरच्या सोफ्यावर भिलाईतल्याच मरोद्याहून आलेली गणवीर मंडळी बसली होती. स्टील प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले भय्याजी, त्यांची बायको चंपाबाई, आणि जिचं सुजाताबाईंच्या सुगतशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायचं होतं ती प्रेरणा. भय्याजींनी मान डोलावली. व्याह्यांकडे आलं की त्यांची मान आपोआप डोलत असे. सोफा मऊ असल्यामुळे थोडी जास्तच डोले.

प्रेरणा रसमड्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळायची. कुठल्या ट्रकमध्ये कुठला माल, खाली काय, वर काय, दोरी कुठं आवळायची हे ठरवायचं, आणि मग ड्रायव्हरशी भांडून ट्रक गेटबाहेर काढायचा. अशा कामात काही वर्षं गेली की माणसंही मालासारखी दिसायला लागतात. कोण जड, कोण नुसतं खोकं, कोण पहिल्याच वळणावर घसरेल, हे ती समोरच्याचा चहा संपायच्या आत ठरवून टाकी. सुजाताबाईंचा अंदाज तिला पहिल्याच भेटीत आला होता. सुगतचा मात्र येत नव्हता. उंच, देखणा, दुर्गच्या रेल्वे कोचिंग डेपोत ज्युनियर इंजिनियर, आवाज मऊ. प्रत्येकाच्या बोलण्याला हसून 'हो' म्हणायचा. अशा खोक्यात काच असते की भुसा, हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि उघडायची संधी मिळत नव्हती.

झालं होतं असं, की पसंतीच्या दिवशी तिच्या हातावर बर्फी ठेवताना सुजाताबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घरच्या बायाईले कामासाठी बाहेर जायाची पाळी नाई आली कधी." भय्याजींना ती कौतुकाची गोष्ट वाटली. चंपाबाईंना श्रीमंतीची वाटली. प्रेरणाला ती नोटीस वाटली. तेव्हापासून तिला सुगतच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती: लग्नानंतर माझी नोकरी राहणार की जाणार. फोनवर तिने विचारून पाहिलं. एकदा त्याच्या मागे इंजिनाचा भोंगा होता, एकदा मम्मी होती. दोन्ही वेळा उत्तर सारखंच आलं: "मिल के बात करते हैं ना."

भेटायचं कुठं? सेक्टरमधली मंडळी साक्षगंधाआधी पोरा-पोरीला चहाच्या टपरीवर एकत्र पाहतात, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी दोन्ही घरांत पोचते. पण हेच दोघं फोटोवाल्याच्या सांगण्यावरून एकमेकांच्या कमरेत हात घालून उभे राहिले, की ती कला होते आणि तीच मंडळी तिला हार्ट पाठवतात. प्रेरणाला शूटचं काडीचं कौतुक नव्हतं. पण सुगतसोबत एकटीने उभं राहायची परवानगी फक्त या एका मार्गाने मिळत होती. साक्षगंधाला पंधरा दिवस होते. म्हणून ती शूटला हसत हो म्हणाली, आणि घरचे म्हणाले, पाहा, किती हौस आहे पोरीला.

"नागपूर बेस्ट रहेगा आंटी," फोटोग्राफर अरुणकुमार म्हणाला.

अरुणकुमार सुपेल्याचा. त्याच्या कार्डावर 'सिनेमॅटिक वेडिंग स्टोरीज' असं छापलेलं होतं, पण बापाच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढण्यात त्याचं तरुणपण गेलं होतं, आणि त्यामुळे अजूनही कॅमेरा डोळ्याला लागला की तो आधी 'ठुड्डी ऊपर' म्हणे. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. "मेट्रो सिटी है. सुबह की गाड़ी से जाओ, शाम की गाड़ी से वापस. तीन-चार लोकेशन आराम से."

सुजाताबाईंना मेट्रो सिटी हा शब्द आवडला. उदयपूरला मेट्रो नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी नागपूरवर शिक्का मारला, आणि त्या खोलीतल्या एकाही माणसाला आपण काय करून बसलो हे कळलं नाही.

चूक अशी होती. भिलाईचा मराठी माणूस नागपूरला शहर म्हणून कधी गेलेलाच नसतो. तो मामाकडे जातो, आत्याकडे जातो, मौतीला जातो, बारशाला जातो. त्याच्या डोक्यातला नागपूरचा नकाशा रस्त्यांचा नसतो, घरांचा असतो, आणि त्या घरांतली माणसं दारात खुर्ची टाकून बसलेली असतात. चारचौघांपासून दूर जाऊन फोटो काढायला जगात एक जागा वगळायची असेल, तर ती हीच.

टीव्हीवर पहिला तलाव आला. संध्याकाळ, कारंजी, काठावर पाठमोरं जोडपं.

"फुटाळा," अरुणकुमार म्हणाला.

"अवो, हे तं नरहरीच्या घराजवळ," चंपाबाई म्हणाल्या.

"कोण नरहरी?"

"माहा भाऊ. पायी जाता येते तिथून. आपण फुटाळ्यावर जाऊन त्याच्या घरी नाई गेलो, तं तो लग्नात येईन पण जेवन नाई. आमच्या प्रफुलच्या लग्नाच्या टायमाले असंच झालं. पत्रिका द्यायले गेलो अन् याचं घर दुसऱ्या दिवशीवर ठेवलं, तं मांडवात येऊन पाणी बी नाई पेला. भर उन्हाळ्यात."

प्रफुल हा प्रेरणाचा मोठा भाऊ. त्याच्या लग्नाचा अल्बम कोणी पाहत नाही, पण मामाचं ते न प्यालेलं पाणी घरात अजून भरलेलं आहे.

"मग सांगायचंच कावून त्याईले?" सुगत म्हणाला. त्या दुपारी त्याने केलेली ही एकमेव सूचना.

भय्याजी हसले. "जवाईबापू, फोटो व्हाट्सॅपवर टाकसान का नाई? नरहरी रोज फिराले जाते तिथं. कठडा ओळखते तो."

दाखवायचं म्हणून काढायचे, आणि दाखवले की पकडले जायचं. प्रेरणाला गंमत वाटली. मोठ्या शहराची ओळख पटावी म्हणून एवढा खटाटोप, आणि ओळख पटणार हीच भीती.

दुसरी जागा अंबाझरी. तिथं भय्याजींची बहीण कौशल्याबाई राहायची, आणि तिच्या गच्चीवरून तलाव दिसायचा. तिला तलावावरचं काय काय दिसतं हे ती दरवर्षी दिवाळीला सविस्तर सांगे. तिसरी जागा सेमिनरी हिल्स. झाडं, पायवाट, उन्हाचे कवडसे. गणवीरांपैकी तिकडे कोणीच नव्हतं. चंपाबाई आनंदाने म्हणाल्या, "हे जमते." तेव्हा सुजाताबाईंनी बर्फीची प्लेट उगाच थोडी सरकवली.

"तिथं नको. गिरजा रोज सकाळी तिथं फिरते."

गिरजाबाई ही सुजाताबाईंची धाकटी बहीण. दोघींचं बोलणं बंद होतं.

"बोलणं बंद हाय तं मग काय फिकीर?" भय्याजींनी भाबडेपणाने विचारलं.

"माह्याशी बोलत नाई ती," सुजाताबाई म्हणाल्या. "बाकी सगळ्याईशी बोलते."

अरुणकुमारने पुढचा फोटो लावला. एका विहाराचा उजळलेला घुमट होता. भय्याजी सोफ्यातून सरसावून बसले, आणि प्रथमच त्यांची मान स्थिर झाली.

"हे काढून टाका. विहारात नाई, दीक्षाभूमीवर बी नाई. तिथं हात जोडाचे. आपण नागपूरले जाऊन राहिलो तं पयले तिथं जाऊन वंदन करू, पण हे कमरेत हात-बित तिथं चालणार नाई."

अरुणकुमारने तो फोटो काढून टाकला. त्या दिवसातली धड गोष्ट एवढीच होती, आणि धड गोष्ट झाली की माणसं गडबडतात. आतल्या खोलीत सुगतच्या वडिलांनी पेपरचं पान उलटलं. या घरात पेपर फार सावकाश वाचला जात असे, आणि बैठकीत काही ठरत असेल तर त्याहून सावकाश.

मग चंपाबाईंनी तोडगा काढला. असे तोडगे त्या घरची भांडी घासताना काढतात आणि मग घरच्यांना ते आयुष्यभर पुरतात.

"असं करा नं. नरहरीलेच फुटाळ्यावर बोलावून घ्या. भेट बी होते, घरी जायाची कटकट बी नाई. कौशल्याले बी सांगू. ती चिवडा आणते."

"पोरीकडचे एवढे येतीन," सुजाताबाई तात्काळ म्हणाल्या, "तं पोराकडचं कोणी नको का? लोक काय म्हणतीन? गिरजाले सांगा. मी नाई सांगत, सुगत सांगीन."

"सांगतो," सुगत म्हणाला.

प्रेरणा पाहत राहिली. ट्रक भरत होता. मामा आला म्हणजे मामी आली, मामी आली म्हणजे तिची दोन नातवंडं आली. कौशल्या आत्या एकटी येणार नव्हती, कारण ती कधीच एकटी येत नाही. गिरजाबाई सून दाखवायला आणणार होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं पोरांच्या हौसेसाठी झटताहेत. प्रेरणाला दिसत होतं ते एवढंच, की प्रत्येकजण स्वतःवर कोणी रुसू नये म्हणून तिच्या एका दिवसात आपली एक गोणी टाकून जातोय. आणि सुगत प्रत्येक गोणीला हात लावून म्हणतोय, बसेल, बसेल.

तिने खाकरून घसा साफ केला.

"मेट्रो घ्या ना एक लोकेशन," ती म्हणाली. "आत, डब्यात. मेट्रोत कोणाचंच घर नाही."

सगळ्यांनी मेट्रोत एखादा नातलग आठवतोय का, ते तपासून पाहिलं.

"मेट्रो चांगली वाटीन," सुजाताबाई म्हणाल्या. "भिलाईत नाई."

"परमिशन मैं देख लूँगा," अरुणकुमार म्हणाला. "ट्रेन मस्त आएगी दीदी. काँच, स्टील, एकदम फॉरेन लुक."

पोलादाच्या गावात जन्म काढलेल्या माणसाला फॉरेन दिसायला स्टीलच लागलं, याची नोंद प्रेरणाने मनात घेतली. पण अरुणकुमार त्या दिवशी उपयोगाचा होता, म्हणून ती हसली. नंतर बाहेर चपला घालताना त्याला बाजूला घेऊन तिने हिंदीत एक कल्पनाही सांगितली. दोघं दारात उभे, दार बंद होतंय, गाडी हलतेय, कॅमेरा बाहेरून काचेतून. आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतो.

"दीदी, आप में सेंस है," अरुणकुमार म्हणाला.

शूटच्या दिवशी थंडी चांगली होती. सकाळच्या गाडीने ते नागपूरला उतरले. दीक्षाभूमीवर सगळ्यांनी वंदन केलं. भय्याजींनी डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत, आणि तेवढा वेळ कोणी कोणाला काही शिकवलं नाही. तिथून फुटाळा.

फुटाळ्यावर नरहरीमामा आधीच कठड्यावर बसून होते. त्यांनी शूटसाठी मफलर घातला होता. मामीने भजी आणली होती, आत्याने चिवडा, गिरजाबाईने सून आणली होती. प्रेरणाने आठवड्यासाठी भाड्याने घेतलेला लाल गाऊन घातला. त्याला मागे लांबलचक शेपूट होतं, आणि ते वाऱ्यावर उडालेलं दिसायला हवं, असा अरुणकुमारचा हट्ट. उडवायला माणसं होतीच. एक बाजू आत्याने धरली, दुसरी गिरजाबाईच्या सुनेने, आणि अरुणकुमारने 'छोड़ो' म्हटलं की दोघी सोडायच्या. आत्या दरवेळी उशिरा सोडायची. तिला ते कापड कुठल्या दुकानातलं हे विचारायचं असे.

"भैया, दीदी, माथे से माथा लगाइए. आँखें बंद."

कपाळाला कपाळ लागलं. सुगतच्या श्वासाला भज्यांचा वास येत होता. इतक्या जवळ तो आजवर कधी आला नव्हता. प्रेरणाने ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न केला.

"एक विचारू? नौकरीचं..."

"दीदी, बोलिए मत. होंठ हिल रहे हैं."

"हसू द्या तिले," मामा कठड्यावरून म्हणाले. "गणवीराईच्या घरी हसणं कमी हाय."

"पाठीवर पाठ लावा," मामी म्हणाली. अरुणकुमारने असं काही सांगितलं नव्हतं. पण तिने टीव्हीवर पाहिलं होतं.

पाठीला पाठ लावून प्रेरणाने पुन्हा विचारलं, या वेळी तलावाकडे तोंड करून. सुगतला ऐकू गेलं नाही, कारण त्याचं तोंड मामांकडे होतं, आणि मामा त्याला रेल्वेच्या पासवर काय काय चालतं ते विचारत होते. पुढे अंबाझरीवर असंच झालं. एका फोटोत तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं होतं. अरुणकुमारने तो फोटो सगळ्यांना दाखवला आणि सगळे म्हणाले, किती रोमँटिक आला. त्या क्षणी ती त्याच्या कानात 'सांगत कावून नाही' म्हणत होती.

दुपारी मेट्रोच्या स्टेशनवर पोचले. तिकिटं नरहरीमामांनी काढायची की सुजाताबाईंनी, यावर झटापट झाली. दोघांनीही काढली. त्यामुळे प्लॅटफॉर्मवर प्रत्येकाकडे दोन-दोन तिकिटं होती, आणि आत्या जादाचं तिकीट परत करता येतं का ते विचारत होती. अरुणकुमारने हात वर केला.

"कोई फ्रेम में नहीं आएगा. सब पीछे, पिलर के पास."

इतक्या वर्षांत नरहरीमामांनी कोणाचं ऐकलेलं प्रेरणाला आठवत नव्हतं. बापाचं नाही, साहेबाचं नाही. कॅमेऱ्याचं ऐकलं. सगळी वरात खांबाजवळ जाऊन उभी राहिली, आणि पोट आत घेतलं, फ्रेममध्ये नसतानाही.

गाडी आली. दार उघडलं. प्रेरणाने शेपूट गोळा करून बगलेत मारलं, सुगतच्या मनगटाला धरलं आणि आत शिरली. दार बंद झालं. काचेपलीकडे अरुणकुमार वाकून फोटो काढत होता, त्याच्या मागे सुजाताबाई हाताने 'केस, केस' अशी खूण करत होत्या. मग खांब सरकला, सुजाताबाई सरकल्या, नागपूर सरकलं.

डब्यात तुरळक माणसं होती. एक कॉलेजची मुलगी लाल गाऊनकडे बघून हसली आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.

"पुढच्या स्टेशनले उतरायचं ना?" सुगत म्हणाला.

"त्याच्या पुढच्याले."

"अरुणकुमार तो बोला था कि..."

"मला एक विचारायचं आहे. नोकरी मी सोडणार नाही. तुम्हाला ते चालते का?"

सुगतने वर लावलेल्या नकाशाकडे पाहिलं. स्टेशनांची नावं वाचली. पहिलं स्टेशन आलं आणि गेलं.

"मले काहीच प्रॉब्लेम नाई," तो म्हणाला. "मी तं उलट म्हणतो, चांगलंच हाय. तू घरी बसली तं करशीन काय? पण मम्मी..."

फोन वाजला. मम्मीच होती. "हो... हो. नाई, एक स्टेशन पुढं आलो. हो, केस ठीक हाय. आलो, आलो." त्याने फोन ठेवला आणि प्रेरणाकडे बघून कसनुसा हसला. चुकीच्या स्टेशनवर पार्सल उतरवणारा पोर्टर हसतो तसा.

"तू सध्या काही बोलू नको," तो म्हणाला. "लग्न होऊ दे. मग मी मम्मीले हळूहळू..."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"म्हणजे... बघू ना यार. ज़बान पे भरोसा नहीं है क्या?"

भरोसा जिभेवर ठेवायला जीभ एका जागी राहायला हवी. प्रेरणाला आता वजन कळलं. भुसाही नव्हता आणि काचही नव्हती. माल बरा होता, खोटा नव्हता. फक्त बांधलेला नव्हता. जिकडे गाडी वळेल तिकडे हा सरकणार. एकटा भेटला तर हिच्याकडे सरकेल, मम्मी समोर आली की तिकडे, आणि प्रत्येक वेळी मनापासून. त्याच्या बोलण्याचे दोन तुकडे होते. 'पण'च्या आधीचा पहिला तुकडा त्याचा होता, दुसऱ्यात फक्त मम्मी होती. आपल्याला पहिला पुरे, असं तिने ठरवलं.

परतीच्या गाडीने ते आले तेव्हा वरात खांबापाशीच होती. अरुणकुमारने त्यांना जागेवरून हलायला सांगितलं नव्हतं.

शेवटचा चहा कौशल्या आत्याकडे होता. घरी नको म्हणून सगळ्यांना तलावांवर बोलावलं होतं, आणि आता सगळे तिच्या घरी बसले होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवाणावर, पलंगावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माणसं होती. गिरजाबाई आणि सुजाताबाई एकाच सतरंजीवर, एकमेकींकडे पाठ करून. अरुणकुमार कोपऱ्यात उभा राहून 'फॅमिली मोमेंट्स'चा व्हिडिओ घेत होता, कारण पॅकेजमध्ये तोही होता.

प्रेरणाने गाऊन बदलला होता. आत्याच्या हातचा चहा घेऊन ती सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. एवढी माणसं समोर असली की तिला नेहमी गेटवर उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरांची आठवण होई. त्यांच्याशी एकेकट्याशी भांडायचं नसतं. सगळ्यांसमोर एकाला विचारायचं असतं.

"मामा, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, लग्न झाल्यावर नौकरी सोडावी लागीन. पण हे म्हणाले, मले काहीच प्रॉब्लेम नाई. म्हणाले, उलट चांगलंच हाय." मग सुगतकडे वळून, अगदी गोड आवाजात, "म्हणाले ना तुम्ही? आता मेट्रोत?"

सुगतच्या हातात बशी होती. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग मामांकडे, मग आत्याकडे. जिकडे पाहावं तिकडे कोणीतरी होतं. त्याने मान हलवली.

"वा," नरहरीमामा म्हणाले आणि त्याच्या पाठीत अशी थाप मारली की चहा बशीत सांडला. "पोट्टा मर्द हाय. आमच्या जवायानं माह्या भाचीले घरी बसवलं असतं, तं मी पंगतीत बसलो नसतो, सांगून ठेवतो."

"माह्या सुनेले बी करू देतो आमी," गिरजाबाई हवेत बघून म्हणाली. "आमच्याकडं कोणी जुन्या वळणाचं नाई."

ती हवा सरळ सुजाताबाईंच्या कानात गेली. त्यांचा कप ओठांजवळ थांबला होता. खोलीतल्या साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या. भय्याजींचीही वळली, आणि आज ती डोलत नव्हती. समोर नागपूर बसलं होतं. इथं एक शब्द वाकडा गेला, तर तो रात्रीच्या आत इंदोऱ्यापासून पाचपावलीपर्यंत फिरून येणार, आणि तोही गिरजाच्या तोंडून.

सुजाताबाईंनी कप खाली ठेवला.

"मी तं आधीपासूनच म्हणून राहिली होती," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या पोरीनं घरी कावून बसाचं? आमच्या शेजारी लतिकाबाई हाय, त्याईच्या सुनेले बसवलं घरी. मले नाई पटलं."

"आंटी, एक सेकंड," अरुणकुमार कोपऱ्यातून म्हणाला. "बहुत अच्छा मोमेंट था, लेकिन भैया का सिर हिलाना अँधेरे में गया. भैया, इधर खिड़की के पास. एक बार और. थोड़ा धीरे. आंटी, आप भी मुस्कुराइए."

सुगत खिडकीजवळ गेला आणि पुन्हा मान हलवली. सुजाताबाई हसल्या. चंपाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना वाटलं, सगळं फोटोसाठीच चाललंय, पण किती छान चाललंय. प्रेरणाने अरुणकुमारकडे पाहून हळूच विचारलं, आवाज पण येतो ना? "दीदी, क्लीन आया है," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. भय्याजी आणि चंपाबाई वरच्या दोन बर्थांवर आडवे झाले. सुजाताबाई पलीकडच्या डब्याकडे तोंड करून झोपल्या, निदान डोळे तरी मिटले होते. खिडकीबाहेर भंडाऱ्याकडची शेतं मागे जात होती. सुगत हळूच येऊन प्रेरणाच्या समोर बसला. आसपास कोणी नव्हतं. साऱ्या दिवसात ज्या जागेसाठी तिने गाऊन घातला, शेपूट धरलं, कपाळ टेकवलं, ती जागा आता फुकटात मिळाली होती.

"तू एकदम सबके सामने बोल दी," तो म्हणाला. रागावलेला नव्हता. थोडा हलका झाल्यासारखाच वाटत होता; उतरवायचा माल दुसऱ्यानेच उतरवून घेतला, की हमाल दिसतो तसा. "पण ठीक हाय. मम्मी मान गई. आता आपण दोघंच हाओत. अजून काही बोलायचं होतं का तुले?"

बोलायचं होतंच. पगार कोणाच्या खात्यात, रसमड्याला जायला स्कूटी, सुट्टीच्या दिवशी मरोद्याला जायचं की नाही. प्रेरणाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मऊ चेहरा, हो म्हणायला तयार असलेली मान.

"होतं," ती म्हणाली. "पण आता नको. साक्षगंधाले बोलू. सगळे असतीन तेव्हा."